उंबरठ्यावरची प्रथिनं

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. प्रयोगशाळेत काचेची नळी हातात धरली ती शाळेतच, तीही परीक्षेपुरती. तेव्हा 'पेशीच्या पटलातल्या प्रथिनांचे स्फटिक' असा भारदस्त विषय घेऊन मी तुमच्याशी बोलायला आलो, याचं काहींना नवल वाटेल. पण या विषयाकडे मी ज्या वाटेनं गेलो, ती वाट माझ्या ओळखीची होती. ती उंबरठ्याची वाट.

आपल्या भाषेत उंबरठ्याला मोठा मान आहे. नवी सून माप ओलांडते ती तिथं. पाहुण्याला 'या' म्हणायचं की दारातूनच बोळवायचं, हे ठरतं तेही तिथंच. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला असाच एक उंबरठा असतो आणि तो राखायला खास प्रथिनं नेमलेली असतात. ती नसतील तर हृदयाचा एक ठोकाही पडणार नाही. असं असूनही, अणू न् अणू मोजता येईल इतकं स्पष्ट रूप अशा एकाही प्रथिनाचं १९८५ पर्यंत माणसाला दिसलं नव्हतं. का दिसलं नव्हतं आणि मग ते कसं दिसलं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी उंबरठ्याची रचना समजून घेऊ. पेशीच्या आत पाणी आणि बाहेरही पाणी. पाण्याला पाण्यापासून वेगळं ठेवायचं तर भिंत पाण्यात विरघळणारी चालणार नाही. म्हणून निसर्गानं तेलाची भिंत घातली. ही भिंत ज्या स्निग्ध रेणूंची बनते, त्यांचं डोकं पाण्याशी सलगी करणारं आणि शेपटी तेलकट, पाण्याला बिचकणारी. असे रेणू दोन पदरांत उभे राहतात. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. या दुपदरी भिंतीला पेशीपटल म्हणतात. तिची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. म्हणजे अशी २ लाख पटलं एकावर एक रचली, तर जेमतेम एक मिलिमीटर होईल.

भिंत पक्की झाली की दारं लागतात. क्षार आत यायला हवेत, मळ बाहेर जायला हवा, शेजारच्या पेशीचा निरोप पोचायला हवा. हे काम पटलात रुतून बसलेली प्रथिनं करतात. कोणी दार होतं, कोणी पाणी उपसणाऱ्या पंपासारखं काम करतं, कोणी दाराची घंटा होतं. आपल्या पेशीत जितक्या प्रकारची प्रथिनं तयार होतात, त्यांतला साधारण पाव हिस्सा या उंबरठ्यावरच्यांचा आहे.

घरातलं उदाहरण घेऊ. मिरची झोंबते ती कशामुळे? जिभेवरच्या मज्जातंतूंच्या पटलात एक दार आहे. मिरचीतला कॅप्सेसिन हा रेणू त्याला चिकटला की ते उघडतं आणि मेंदूकडे आगीची वर्दी जाते. तेच दार ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं. मेंदूला बिचाऱ्याला दार उघडल्याचं तेवढं कळतं, कोणी उघडलं ते कळत नाही. म्हणून ठेचा खाल्ला काय किंवा उकळता चहा प्यायला काय, आपण 'भाजलं' असंच म्हणतो.

दुसरं उदाहरण माझ्या घरातलं आहे. माझ्या अम्मीला दमा होता. पावसाळा लागला की तिच्या रात्री उशीला टेकून बसण्यात जायच्या. पुढे डॉक्टरांनी तोंडात फवारायचा पंप दिला. दोन फवारे आत ओढले की पाच-दहा मिनिटांत तिचे खांदे खाली यायचे आणि ती पहिलं पूर्ण वाक्य बोलायची. त्या फवाऱ्यातलं औषध म्हणजे साल्ब्युटामॉल. ते काय करतं? श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंच्या पेशींवर एक ग्राही प्रथिन असतं, म्हणजे बाहेरचा निरोप घेणारं प्रथिन. त्याचं नाव बीटा-२ अ‍ॅड्रिनर्जिक ग्राही. साल्ब्युटामॉल जाऊन त्याच्यात बसतं, पेशीच्या आत निरोप जातो, 'सैल हो', आणि आवळलेली नळी उघडते. औषध स्वतः पेशीच्या आत जातसुद्धा नाही. उंबरठ्यावर घंटा वाजवतं एवढंच.

हे औषध १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. घंटा कशी दिसते, तिचं बटण कुठं आहे, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. अशी ग्राही असली पाहिजेत आणि ती किमान दोन जातींची असली पाहिजेत, असा तर्क अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ साली केला होता. त्या तर्काच्या आधारावर औषधं शोधली गेली. अंधारात कुलूप चाचपत किल्ल्या घडवाव्यात, तसं ते काम होतं. किल्ली लागली तर लागली. चुकीच्या कुलपात लागली तर हृदय धडधडायचं. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधं या एकाच घराण्यातल्या ग्राहींवर काम करतात. तेव्हा कुलूप उजेडात पाहण्याची गरज किती मोठी होती, ते ध्यानात येईल.

पण पाहायचं कसं? साध्या सूक्ष्मदर्शकाचा उपयोग नाही. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि प्रथिनातले शेजारचे दोन अणू एकमेकांपासून हजारो पटींनी जवळ असतात. दोरखंडानं सुईत ओवायला बसण्यासारखं ते होईल. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र अणूंमधल्या अंतराएवढी असते. ते अणूंवर आदळून ठरावीक दिशांनी विखुरतात आणि त्या विखुरण्याच्या ठिपक्यांवरून गणितानं अणूंच्या जागा काढता येतात. अडचण अशी की एकट्या रेणूवरून विखुरलेले किरण इतके क्षीण असतात की हाती काहीच लागत नाही.

ईदच्या नमाजाला मैदानावर सफा लागतात. सफ म्हणजे रांग. खांद्याला खांदा, टाचेला टाच. हजारो माणसं एकाच वेळी वाकतात, तेव्हा ती हालचाल लांबच्या टेकडीवरूनही दिसते. एकटा माणूस वाकला तर त्या टेकडीवरून कोणाला कळणारही नाही. स्फटिक म्हणजे रेणूंच्या अशा सफा. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही दिशांनी, एकाच पवित्र्यात उभे राहिलेले रेणू. एक दशांश मिलिमीटरच्या कणात, रेणू १० नॅनोमीटरचा धरला, तर सुमारे एक लाख कोटी रेणू असतात. ते सगळे मिळून क्ष-किरणांना एकच उत्तर देतात आणि ते उत्तर ऐकू येण्याइतकं मोठं असतं.

प्रथिनांचे स्फटिक होतात हे जेम्स सम्नर यांनी १९२६ साली घेवड्याच्या जातीच्या एका दाण्यातलं युरिएझ हे प्रथिन घेऊन दाखवलं. १९३४ साली केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट, ज्या पुढे डोरोथी हॉजकिन म्हणून जगाला माहीत झाल्या, यांनी पेप्सिनच्या स्फटिकाचं क्ष-किरणचित्र घेतलं. त्यांच्या लक्षात आलेली मोलाची गोष्ट म्हणजे, हा स्फटिक ओला ठेवावा लागतो. वाळला की सफा मोडतात. पुढे केंब्रिजमध्येच जॉन केंड्र्यू आणि मॅक्स पेरुट्झ यांनी स्नायूंतल्या मायोग्लोबिनची आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची रचना उलगडली. त्यांना १९६२ साली नोबेल मिळालं. पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनचं काम १९३७ साली हाती घेतलं होतं. आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं एका रेणूपायी गेली.

स्फटिक करायचा तो कसा, हे समजायला मिठागर पाहिलेल्या माणसाला वेळ लागू नये. भरतीचं पाणी उथळ चौकोनांत घ्यायचं आणि उन्हावर सोडून द्यायचं. पाणी उडत जातं, खारटपणा वाढत जातो आणि एका टप्प्याला मिठाला पाण्यात राहणं अशक्य होतं. मग ते कणाकणानं बाहेर येतं. प्रथिनाचंही मूळ तत्त्व तेच. फक्त इथं ऊन चालत नाही आणि घाई तर मुळीच चालत नाही. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीला प्रथिनाच्या द्रावणाचा एक थेंब खालच्या बाजूनं लोंबता ठेवतात. थेंब केवढा, तर एका मिलिलिटरचा हजारावा भाग. त्याच्या खाली छोट्या खळग्यात दाट क्षारांचं किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं द्रावण असतं. कडा ग्रीस लावून बंद करतात. थेंबातलं पाणी वाफेच्या रूपानं हळूहळू खालच्या दाट द्रावणाकडे ओढलं जातं आणि थेंब आटत जातो. नशिबानं साथ दिली तर काही दिवसांनी, काही आठवड्यांनी त्यात स्फटिक दिसतो.

नशीब म्हणतो, कारण आम्लता किती, क्षार कोणता, किती, तापमान ४ अंश की २०, याची हजारो जुळणी होऊ शकते. त्यातली एखादीच लागू पडते, आणि कोणती ते आधी सांगता येत नाही. म्हणून शेकडो थेंब लावायचे आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बहुतेक थेंब स्वच्छच राहतात. काहींत दुधाळ साका बसतो, काहींत तपकिरी गाळ. कधी सुंदर कोनाकोनांचा कण चमकतो, आणि सुईनं टोचल्यावर कट्कन मोडतो. मग समजायचं की हे प्रथिन नव्हेच, द्रावणातलं मीठ आहे. प्रथिनाचा स्फटिक निम्म्याच्या आसपास पाणीच असतो. तो आवाज न करता खरवडल्यासारखा विस्कटतो. आणि कधी स्फटिक खराच प्रथिनाचा निघतो, दिसायला देखणा, पण क्ष-किरणांत धरला की धूसर चार ठिपक्यांपलीकडे काही देत नाही. बाहेरून रांग सरळ, आतून विस्कळीत.

ही झाली पाण्यात सुखानं विरघळणाऱ्या प्रथिनांची कथा. उंबरठ्यावरच्या प्रथिनांची कथा याहून वेगळी आहे. त्यांचा स्वभावच दुहेरी. वरचं टोक पेशीबाहेरच्या पाण्यात, खालचं टोक आतल्या पाण्यात आणि मधला भाग तेलात बुडालेला. पाण्यात घातलं तर मधला तेलकट भाग घाबरतो. असे दहा रेणू एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा निरुपयोगी गोळा होतो. तेलात घातलं तर दोन्ही टोकांची पंचाईत. ते फक्त पटलात सुखी असतं, आणि पटलात राहिलं तर त्याचा तिन्ही दिशांनी रचलेला स्फटिक होणार कसा? त्याला पाहायचं तर घराबाहेर काढायला हवं, आणि घराबाहेर काढलं की ते उरतच नाही. साठ-सत्तरच्या दशकांत बहुतेक तज्ज्ञांनी हा नाद सोडला होता. पटलातल्या प्रथिनांचे स्फटिक होत नसतात, असं ते मानून चालले होते.

बाहेर काढायला साबण वापरतात. तेलकट कढईला साबण लावल्यावर काय होतं? साबणाच्या रेणूलाही एक पाण्याचं डोकं आणि एक तेलाची शेपटी असते. शेपट्या तेलाला धरतात, डोकी पाण्यात राहतात, आणि तेल पाण्याबरोबर निघतं. प्रयोगशाळेतले सौम्य साबण, म्हणजे डिटर्जंट, प्रथिनाच्या तेलकट भागाभोवती असाच एक कमरपट्टा बांधतात. प्रथिन पाण्यात तरंगू लागतं. पण हा कमरपट्टा जाडजूड आणि ढिला असतो. स्फटिकात रेणूंनी एकमेकांना घट्ट टेकायचं, तर टेकायच्या जागाच झाकल्या जातात. फार कडक साबण घेतला तर प्रथिनाची घडीच मोडते. फार मवाळ घेतला तर ते पटलातून सुटत नाही.

या कोड्याशी झुंजायला हार्टमुट मिशेल नावाचा जर्मनीतला तिशीचा शास्त्रज्ञ उभा राहिला. तो ज्या प्रथिनावर काम करत होता, ते मिठागरांशी नातं सांगणारं आहे. जगभरातल्या मिठागरांत, पाणी अगदी खारट झालं की, अनेकदा तांबूस-जांभळी झाक येते. ती मिठातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची. त्यांतल्या हॅलोबॅक्टेरियम या जातीच्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळं प्रथिन असतं. ते उन्हाच्या बळावर पेशीतून हायड्रोजनचे भार बाहेर ढकलतं. या प्रथिनाचा विशेष म्हणजे ते जिवंत पटलातसुद्धा एका पातळीत रांगा धरून बसतं. त्यामुळेच रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांना केंब्रिजमध्ये १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं त्याचं ढोबळ रूप दिसलं होतं. पटलातून आरपार गेलेले सात दांडे, एवढंच. अणू दिसले नव्हते.

१९७८ साली मिशेलनं या प्रथिनातले स्निग्ध रेणू काढून ते शीतपेटीत ठेवलं, तर त्यात काचेसारखे कण तयार झाले. ते स्फटिक नव्हते. पण हे प्रथिन तिन्ही दिशांनीही शिस्तीत बसू शकेल, असा विश्वास त्याला त्या कणांनी दिला. १९८० साली त्यानं आणि त्याचे मार्गदर्शक डीटर ओस्टरहेल्ट यांनी या प्रथिनाचे स्फटिक जाहीर केले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथं मायकेल गॅराव्हिटो आणि युर्ग रोझेनबुश यांनी पोरिन या दुसऱ्या पटल-प्रथिनाचे स्फटिक केले. 'अशक्य' हा शब्द तिथं पुसला गेला. पण मिशेलचे स्फटिक अणू दिसण्याइतके शिस्तीचे नव्हते.

मिशेलनं मग दुसरं प्रथिन घेतलं. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या ऱ्होडोस्यूडोमोनस व्हिरिडिस या जिवाणूतलं प्रकाश पकडणारं केंद्र. हा एकच रेणू नव्हे, चार प्रथिनांचा मिळून संसार आहे. निवड हुशारीची होती. ते मुळातच रंगीत असल्यानं घडी मोडली की रंग बदलतो, म्हणजे बिघाड लगेच ध्यानात येतो. शिवाय त्याची टोकं पटलाच्या बरीच बाहेर आलेली असतात, म्हणजे शेजाऱ्याला टेकायला जागा आहे. आता उरला कमरपट्टा. मिशेलनं आखूड साबण वापरला आणि त्यात हेप्टेन-ट्रायॉल नावाचे अगदी छोटे, अर्धे तेलकट रेणू मिसळले. ते पट्ट्यात मधेमधे जाऊन बसले, पट्टा बारीक झाला आणि प्रथिनांची टोकं एकमेकांना भिडली. १९८१ साली गडद रंगाचे, नीटस स्फटिक हाती आले. १९८२ साली ते जगापुढे आले. रोबर्ट हुबर यांच्या विभागातल्या योहान डायझेनहोफर यांनी क्ष-किरणांचं किचकट गणित हाती घेतलं आणि १९८५ साली त्या केंद्राची रचना प्रसिद्ध झाली. तिघांना १९८८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. योगायोग पाहा, त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांत जेम्स ब्लॅक होते. ते का, तर हृदयाच्या उंबरठ्यावरची घंटा बंद ठेवणारी बीटा-ब्लॉकर औषधं शोधल्याबद्दल. एकानं न बघता किल्ली केली, दुसऱ्यांनी कुलूप कसं बघायचं ते दाखवलं.

पुढची मोठी पायरी बाझेललाच चढली गेली. एहुद लँडाउ आणि तेच रोझेनबुश यांनी १९९६ साली वेगळा विचार मांडला. प्रथिनाला घराबाहेर काढून साबणात ठेवण्यापेक्षा, आपणच त्याला राहण्यासारखं घर बांधून दिलं तर? मोनोओलेइन हा स्निग्ध पदार्थ ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळला की एक चिकट, पारदर्शक, टूथपेस्टसारखा लगदा होतो. त्याच्या आत खरं तर एकच अखंड दुपदरी पटल असतं, वळत, वळसे घेत, सगळीकडे एकमेकांशी जोडलेलं. मध्ये पाण्याच्या गल्ल्या. दोन पिचकाऱ्या तोंडाला तोंड लावून जोडतात आणि प्रथिन आणि स्निग्ध पदार्थ इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत एकजीव करतात. प्रथिन त्या पटलात जाऊन बसतं. ते आपल्या घरात आहे असंच त्याला वाटतं. मग त्या अखंड पटलातून सरकत सरकत ते शेजाऱ्यांना भेटतं आणि तेलकट बाजू तेलकट बाजूला, पाण्याची टोकं पाण्याच्या टोकांना लागून स्फटिक वाढतो. या पद्धतीनं मिठागरातल्या त्या जांभळ्या प्रथिनाचेही चांगले स्फटिक मिळाले.

आता दम्याच्या घंटेकडे वळू. ब्रायन कोबिल्का हे शिक्षणानं डॉक्टर. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत असताना, १९८६ साली, त्यांनी सहकाऱ्यांसह बीटा-२ ग्राहीचं जनुक वेगळं केलं. पुढची वीस वर्षं ते ग्राहीचा चेहरा पाहण्यासाठी धडपडले. अडचणी ओळीनं उभ्या होत्या. हे प्रथिन शरीरात अगदी थोडं असतं. म्हणून ते पतंगाच्या अळीपासून मिळवलेल्या पेशींत वाढवावं लागलं. ते चंचल असतं, सारखी बैठक बदलतं, आणि समूहछायाचित्र काढताना प्रत्येकानं हलत राहिलं तर चित्र येणार कसं? म्हणून त्याच्यात काराझोलॉल नावाचं औषध बसवून त्याला शांत केलं. त्याची बाहेरची टोकं लहान आणि लवचिक, शेजाऱ्याला टेकायला काहीच नाही. म्हणून त्यातला एक लवचिक भाग काढून तिथं लायसोझाइम हे सहज स्फटिक होणारं प्रथिन जोडलं, आणि रेमंड स्टीव्हन्स यांच्या गटाबरोबर तो त्या स्निग्ध लगद्यात वाढवला. स्फटिक इतके बारीक आले की त्यांच्यावर क्ष-किरणांचा तितकाच बारीक झोत टाकावा लागला. २००७ साली चित्र हाती आलं. बटण कुठं आहे, औषधाचा रेणू त्यात कोणत्या बाजूनं टेकतो, सगळं. २०११ साली तर कोबिल्का यांच्या गटानं घंटा वाजण्याचा क्षणच पकडला. बाहेर औषध बसलेलं आणि आतल्या बाजूला निरोप घेऊन निघालेलं जी-प्रथिन बिलगलेलं. २०१२ सालचं नोबेल कोबिल्का आणि लेफ्कोविट्झ यांना मिळालं.

या सगळ्यात आपण कुठं आहोत, असं कोणी विचारील. चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह १९६३ साली एक आलेख मांडला. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळूच शकत नाही, ते त्यात दिसतं. आज जगात कुठंही प्रथिनाची रचना काढली की ती रामचंद्रन आलेखावर तपासून पाहतात. शुद्धलेखन तपासतात तसं. आणि आपल्या शेजारी, इंदूरला, इंडस-२ नावाचं वर्तुळाकार यंत्र आहे. त्यातून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांच्या एका झोतावर प्रथिनांच्या स्फटिकांचं काम चालतं. ती सोय मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारली आहे.

गेल्या काही वर्षांत चित्र पुन्हा बदललं. मिरचीचं ते दार आठवतं ना? त्याची रचना २०१३ साली स्फटिक न करताच मिळाली. प्रथिनाचं द्रावण क्षणात गोठवायचं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं हजारो सुट्या रेणूंची चित्रं घेऊन ती संगणकात एकत्र बसवायची, ही ती पद्धत. ती घडवणाऱ्या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. त्यांत एक रिचर्ड हेंडरसन, जांभळ्या पटलातले सात दांडे पाहणारे तेच. मिरचीचं दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. आणि आता अल्फाफोल्ड हा संगणकाचा कार्यक्रम प्रथिनातल्या घटकांचा नुसता क्रम वाचून त्याच्या घडीचा अंदाज बांधतो. त्याच्या कर्त्यांना २०२४ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मग थेंब लावणं, आठवडेच्या आठवडे वाट पाहणं, गाळ बघून वही मिटवणं, हे सगळं फुकट गेलं का? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या कवींच्या धंद्यातही तो वेगळ्या शब्दांत विचारला जातो. उत्तर आकड्यांत आहे. जगातल्या प्रथिनांच्या रचना एका सार्वजनिक भांडारात जमा होतात. १९७१ साली ते सुरू झालं तेव्हा त्यात फक्त ७ रचना होत्या. २०२३ साली तो आकडा २ लाखांवर गेला. त्यांतल्या फार मोठ्या भागाच्या मागे कोणी ना कोणी वाढवलेला स्फटिक आहे. अल्फाफोल्ड घड्या ओळखायला शिकला तो याच भांडारावर. संगणकाला जे एका क्षणात सुचतं, ते हजारो माणसांनी थेंब राखून राखून आधी लिहून ठेवलेलं होतं. शिवाय नवं औषध कुलपात नेमकं कसं बसतं, त्यात कुठं एखादा पाण्याचा रेणू अडकलाय, हे बारकाईनं पाहायचं तर आजही स्फटिकाचा आधार घेतात.

या शास्त्रज्ञांकडून मी एक गोष्ट शिकलो. एखाद्याला ओळखायचं असेल तर त्याला त्याच्या घरातून ओढून उजेडात उभं करून भागत नाही. ओढण्यातच तो मोडतो, आणि मग आपण म्हणतो, याला रूपच नाही. मिशेलनं कमरपट्टा बारीक केला, लँडाउ आणि रोझेनबुश यांनी घर बांधून दिलं, कोबिल्का यांनी टेकायला खांदा दिला. सगळ्यांनी आपापल्या परीनं प्रथिनाचं ऐकलं. त्याला काय सोसतं, काय सोसत नाही, ते आधी पाहिलं.

पुढच्या वेळी औषधाच्या दुकानात दम्याचा पंप किंवा रक्तदाबाची गोळी घ्याल, तेव्हा त्या डबीवर या कोणाचंच नाव नसेल. पण उद्याचं औषध आजच्यापेक्षा नेमक्या कुलपात बसेल आणि हृदय धडधडवणार नाही, अशी आशा धरायला आता आधार आहे. तो आधार म्हणजे कुठल्यातरी प्रयोगशाळेत, काचेच्या पट्टीखाली, न हलवता ठेवलेला एक थेंब.